काचेचें लेणें

संस्कृत सुभाषितकारांनीं काचेवर फार अन्याय केला आहे. मणि आणि काच यांना त्यांनीं इतक्या वेळां समोरासमोर उभें केलें, आणि दर वेळीं काचेच्या पदरीं इतका ठरीव पराभव बांधला, कीं वर्गांतील मंदबुद्धि विद्यार्थ्यालाही पहिला चरण ऐकतांच दुसऱ्याचा तर्क करतां यावा. मणि म्हणजे गुण आणि काच म्हणजे गुणाचें सोंग, हें समीकरण मीही पस्तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. परंतु शाळेची घंटा होऊन घरीं यावें, तों तेथें निराळाच न्याय चालू असे. घरांतलें सोनें कपाटांत, पुढें पुढें बँकेच्या पेटींत, कुलूप लावून ठेवलेलें. आणि सवाष्णीच्या अंगावर अष्टौप्रहर असलेलें, जें क्षणभरही उतरावयाचें नाहीं असें लेणें, तें मात्र काचेचें. गळ्यांतील काळी पोत काचेची. हातांतील हिरवा चुडा काचेचा. दोन सोन्याच्या वाट्यांना जें पावित्र्य आहे, तें त्यांना धरून ठेवणाऱ्या काळ्या मण्यांच्या संगतीनें आलेलें आहे. काव्यांत हरलेली काच घरांत जिंकते ती कशी, हा प्रश्न या महिन्याच्या सदरासाठीं वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आहे.

या विचाराला निमित्त झालें पॅरिस शहरांतील एका जिन्याचें. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तिकडे असतो. त्यानें धाडलेल्या छायाचित्रांत भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाचें प्रवेशद्वार होतें. ‘पॅले रॉयाल’ हें त्या स्थानकाचें नांव; बाजूला कोमेदी-फ्रांसेझ ही जुनी नाट्यशाळा आणि चार पावलांवर लूव्र हें जगप्रसिद्ध संग्रहालय. रस्त्यावरून खालीं उतरणाऱ्या पायऱ्यांवर एक मंडप उभारला आहे. त्याला दोन घुमट. एक तांबड्या-पिवळ्या उष्ण छटांचा, दुसरा निळ्या-जांभळ्या शीतल छटांचा. म्हणजे एक दिवसाचा, एक रात्रीचा. आणि हे घुमट, त्यांचे खांब, सगळें जणूं ओवून केलेलें आहे. अॅल्युमिनियमच्या दांड्यांवर मुठींत न मावणारे काचेचे मणी एकावर एक चढविलेले. जिन्याच्या कठड्यालाही धातूच्या कड्यांत बसविलेल्या रंगीत काचा. एखाद्या राक्षसकन्येनें गळ्यांतली माळ काढून रस्त्याच्या कडेला ठेवावी आणि माणसांनीं तिच्याखालून येजा करावी, तसें तें दृश्य आहे. मंडपाच्या फ्रेंच नांवाचा अर्थ ‘निशाचरांचा मंडप’. आपल्याकडे निशाचर म्हटलें कीं विक्राळ दाढांचा राक्षस डोळ्यांपुढें येतो. तेथें मात्र अभिप्रेत आहेत ते रात्रीं उशिरांपर्यंत शहरांत हिंडणारे साधे लोक.

पॅरिसची भुयारी रेल्वे १९०० सालीं सुरू झाली. त्या वेळीं एक्तोर गिमार या वास्तुकारानें तिच्या प्रवेशद्वारांसाठीं ओतीव लोखंडाच्या वेली आणि कळ्या घडविल्या. त्यांतल्या पुष्कळ अद्याप उभ्या आहेत. शतक पुरें झालें तेव्हां, २००० सालीं, रेल्वेच्या चालकांनीं हें एक द्वार नव्यानें घडविण्याचें काम झां-मिशेल ओथोनिएल या कलावंताकडे सोंपविलें. त्यानें लोखंडाची वेल सोडून काचेची माळ घेतली. गेलीं पंचवीस वर्षें हजारों माणसें तिच्याखालून कामाला जातात आणि घरीं येतात. कलाकृति दालनांत कुलुपबंद न ठेवतां पावसांत, धुळींत आणि गर्दींत उभी करावी, आणि तीही काचेची, याला धैर्य लागतें.

ओथोनिएल यांचा जन्म १९६४ सालीं सांतेतिएन या औद्योगिक गांवीं झाला. आरंभीं ते गंधक आणि मेण यांच्या कृति करीत. हे दोन्ही पदार्थ उष्णतेनें रूप पालटणारे. त्याच वाटेनें पुढें जातां जातां १९९३ च्या सुमारास ते काचेकडे वळले आणि मग तिनें त्यांना सोडलें नाहीं. १९९६ सालीं रोम येथील व्हिला मेदिचीच्या बागेंत, १९९७ सालीं व्हेनिस येथील पेगी गुगेनहाइम संग्रहालयाच्या बागेंत आणि १९९९ सालीं स्पेनमधील ग्रानाडा शहराच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या उद्यानांत त्यांनीं प्रचंड काचमाळा टांगल्या. झाडांच्या गळ्यांत माळा! युरोपियन प्रेक्षकाला यांत नवल वाटलें असेल. ज्यांच्या घरच्या बायका ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून येतात, त्यांना फारसें वाटूं नये. अलंकार हा देहाचा, परंतु देह कोणाचा याला आपल्याकडे मर्यादा नाहीं. दाराला तोरण, बैलाला घुंगुरमाळ, देवाला कंठी, वडाला सूत.

अलंकाराचा आकार वाढविला कीं कांहीं तरी निराळेंच घडतें, हें मात्र लक्षांत घेण्यासारखें आहे. गळ्यांतली माळ पाहतांना आपण घालणाऱ्याकडे पाहतों. ती कोणाची, किती तोळ्यांची, कोणी दिली, हें मनांत येतें. तीच माळ वीस हात लांब होऊन फांदीवरून लोंबूं लागली म्हणजे मालकीचा प्रश्न गळून पडतो. मग दिसतो तो नुसता मणि, मण्यांतून जाणारा प्रकाश आणि दोन मण्यांमधली जागा. अमरकोशांत एकपदरी माळेला एकावली म्हटलें आहे, आणि तींत सत्तावीस मोतीं असलीं तर तिला नक्षत्रमाला असें गोड नांव दिलें आहे. आकाशांतील नक्षत्रांची माळ कोणाच्याच गळ्यांत नाहीं. म्हणूनच ती सर्वांची आहे. या फ्रेंच कारागिराच्या माळा त्या जातीच्या.

आतां थोडें मागें जाऊं. कारण काचेला खोटी म्हणण्याची रीति वाटते तितकी सनातन नाहीं. काचेचे मणी मेसोपोटेमियांत इसवी सनापूर्वी दोन हजार वर्षांच्याही आधीं झाले. तेथल्या लेखांत लाजवर्द या निळ्या रत्नाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक डोंगरांतला आणि दुसरा भट्टींतला. भट्टींतला म्हणजे काच. एक खरा आणि दुसरा लबाड असा भेद त्या शब्दांत नाहीं. उगमस्थानाचा काय तो फरक, जसा विहिरीच्या आणि नदीच्या पाण्याचा. इजिप्त देशांत राजे काच मागवीत. अमार्ना येथें सांपडलेल्या इष्टिकालेखांत, म्हणजे सुमारें ३,३०० वर्षांपूर्वीच्या राजकीय पत्रव्यवहारांत, मांडलिक राजांकडून कच्च्या काचेची मागणी केलेली आढळते. त्याच शतकांच्या सुमारास तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ एक गलबत बुडालें. १९८२ सालीं तें सांपडलें. त्यांत तांबें, कथील, हस्तिदंत यांच्या जोडीला निळ्या काचेच्या सुमारें पावणेदोनशें वड्या होत्या. राजांच्या खजिन्याकडे जाणारा तो माल होता.

सर्वांत बोलका पुरावा तुतनखामेन राजाच्या मुखवट्याचा. १९२२ सालीं हॉवर्ड कार्टर यांनीं त्याची कबर शोधून काढली. दहा किलोहून अधिक वजनाचा तो सोन्याचा मुखवटा. त्याच्या भुंवया आणि पापण्या खऱ्या लाजवर्दाच्या आहेत, आणि मस्तकवस्त्रावरचे ते प्रसिद्ध निळे पट्टे काचेचे आहेत. ज्या घराण्याला सोन्याची वाण नव्हती, त्यानें आपल्या देवरूप राजाच्या मस्तकावर काच ठेवली. दारिद्र्यामुळें ठेवली असें कोण म्हणेल? जो पदार्थ माणूस वाळू आणि क्षार यांना अग्नींत घालून स्वतः निर्माण करतो, त्याचें त्या लोकांना अप्रूप होतें. रत्न सांपडतें, काच करावी लागते.

आपल्याकडचा इतिहासही तपासण्यासारखा आहे. शतपथ ब्राह्मणांत अश्वमेधाच्या प्रकरणीं राण्या घोड्याच्या केसांत मणी ओवतात असें वर्णन आहे, आणि तेथें ‘काच’ हाच शब्द आला आहे. त्याचा अर्थ आजच्या अर्थानें काच घ्यावा कीं मोतीं घ्यावा, यावर पंडितांत मतभेद आहे. परंतु शब्द यज्ञमंडपांत, राण्यांच्या हातीं आहे, हें विसरूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत काचमणि येतात ते कोषांत घ्यावयाच्या रत्नांच्या परीक्षेंत. तेथें त्यांची पायरी उतरलेली दिसते. माझ्या मतें काचेची अप्रतिष्ठा सुरू झाली ती तिच्या दोषामुळें नव्हे, सराफाच्या भयामुळें. काच रत्नासारखी दिसूं लागली तेव्हां पारख्याला तिला नांवें ठेवणें भाग पडलें. मागाहून कवींनीं सराफाचें मत उचललें आणि त्याला नीतीचा मुलामा दिला.

महाराष्ट्रानें मात्र काच हातांत धरून ठेवली. कोल्हापूर शहरांत पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें. तींत सांपडलेले मणी आणि बहामनी काळांतील रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या यांचा दीक्षितांनीं बारकाईनें अभ्यास केला. पुढें १९६९ सालीं भारतीय काचेचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केला. राजांचीं नांवें ताम्रपटांवरून कळतात, परंतु त्या राज्यांतल्या कुणब्याच्या आणि कासाराच्या घरांतली बाई हातांत काय घालीत होती, हें सांगणारा पुरावा म्हणजे बांगडीचा फुटका तुकडा. तो कुजत नाहीं, गंजत नाहीं, आणि कोणी वितळवून विकावा इतका मौल्यवानही नसतो, म्हणून टिकतो.

पॅरिसच्या मंडपाचे मणी आले व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरून. शहराला आगीचें भय नको म्हणून १२९१ सालीं व्हेनिसच्या शासनानें काचेच्या भट्ट्या या बेटावर हलविल्या; आज सातशें वर्षांनंतरही त्या तेथें आहेत. कारागीर लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेतो, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकतो, आणि गोळा थंड होण्यापूर्वी त्याला आकार देतो. फुंकर मारून काच फुगविण्याची ही युक्ति इसवी सनापूर्वी पहिल्या शतकांत सिरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला निघाली. प्रत्येक मोठ्या मण्याच्या पोटांत कारागिराचा श्वास गेलेला असतो, आणि म्हणूनच कोणतेही दोन मणी तंतोतंत सारखे नसतात. व्हेनिसमध्यें बारीक मणी ओवण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांकडे होतें. दाराशीं बसून, लांब लांब सुयांचा पंखाच हातांत धरून, परड्यांतल्या मण्यांत तो बुडवीत त्या माळा ओवीत. २०२० सालीं इटली आणि फ्रान्स या दोन देशांच्या काचमण्यांच्या कलेची नोंद युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत केली.

ओथोनिएल यांची दुसरी मोठी कृति व्हर्साय येथील राजोद्यानांत आहे. चौदाव्या लुईच्या काळीं ल नोत्र या उद्यानशिल्पकारानें तेथें ‘जलनाट्यगृह’ नांवाची एक उपवनी केली होती. ती पुढें मोडली, आणि १९९० व १९९९ च्या वादळांनीं तिची उरलीसुरली कळाही गेली. लुई बेनेक यांनीं तेथें नवी बाग आंखली आणि ओथोनिएल यांनीं तिच्या तळ्यांत तीन कारंजीं उभीं केलीं. सोन्याचा वर्ख दिलेले १,७०० हून अधिक काचमणी वळणावळणांनीं पाण्यावरून धांवतात. हीं वळणें कोठून घेतलीं? राजा लुई स्वतः नर्तक होता. त्याच्या काळच्या नृत्यांतील पावलें कागदावर रेषांनीं लिहून ठेवण्याची एक पद्धति फ्यूये नांवाच्या नृत्यशिक्षकानें १७०० सालीं छापून प्रसिद्ध केली होती. त्या रेषा पाहून हे मणी मांडले गेले. २०१५ सालीं ही बाग लोकांसाठीं खुली झाली. राजा गेला, नाट्यगृह गेलें, पावलें मात्र काचेंत उमटलीं. २०१८ सालीं फ्रान्सच्या ललितकला अकादमीनें ओथोनिएल यांना शिल्पविभागांत सभासद निवडलें.

परंतु मला विचार करावयास लावलें तें या दोन्ही भव्य कृतींनीं नव्हे, तर त्यांच्या आधींच्या एका लहानशा माळेनें. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस नांवाचा एक कलावंत १९९६ सालीं, चाळिशी गांठण्यापूर्वींच, एड्सच्या रोगानें वारला. त्याच्या स्मरणार्थ ओथोनिएल यांनीं दुसऱ्या वर्षीं लाल काचेच्या मण्यांची एक साधी कंठी केली आणि तिला नांव दिलें ‘व्रणमाला’. ती अनेक लोकांना वाटली आणि त्यांनीं ती गळ्यांत घातली. त्या काळीं या रोगानें गेलेल्या माणसासाठीं उघड शोक करण्याचीही चोरी होती. घरचे लोक मृत्यूचें कारण लपवीत. अशा वेळीं या माळेनें सांगितलें, कीं जखम झांकण्याची गरज नाहीं. ती भरून आली कीं तिचा वण अंगावर वागवावा, आणि तोही लेणें म्हणून.

येथें मला आपल्या मराठीची आठवण झाली. आपल्या घरांत बांगडी पिचली तर ‘फुटली’ म्हणत नाहींत, ‘वाढली’ म्हणतात. पोत तुटली तर ती वाढविली. देवापुढचा नारळ फोडीत नाहींत, वाढवितात. जें मोडलें त्याला वाढ म्हणावें, हा केवढा थोर मनाचा शब्दप्रयोग आहे! भंगाची वार्ता सांगतांनाही जिभेवर अशुभ येऊं नये, एवढाच त्यामागें हेतु असेल; पण अर्थ त्याहून खोल गेला आहे. काच जात्याच फुटणारी. जो तिला हातांत घालतो, तो तिचें फुटणें मान्य करूनच घालतो. आज वाढली, उद्यां कासाराकडे जाऊन दुसरी भरावी, हाच तिचा संसार.

मात्र एक प्रसंग असा येई, कीं तेव्हां हा शब्द कोणाच्या तोंडून निघत नसे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, १९७८ सालीं वयाच्या सव्विसाव्या वर्षीं विधवा झाली. तिसऱ्या प्रहरीं मागल्या पडवींत नात्यांतल्या एका वृद्ध बाईनें तिचे हात पायरीच्या दगडावर धरले. तो आवाज मी माजघरांत ऐकला. त्या दिवशीं बांगड्या वाढल्या असें कोणी म्हणालें नाहीं. फोडल्या असेंच म्हणालें. अक्का पुढें शिकली, तिनें शाळेंत नोकरी केली, भाच्यापुतण्यांचीं लग्नें उभी राहून लाविलीं. पण मनगट मोकळें तें मोकळेंच राहिलें. घड्याळ तेवढें तिनें बांधलें.

गेल्या वर्षीं पुतण्यानें धाडलेलीं तींच छायाचित्रें आम्ही घरांत पाहत होतों. माझी नात, बारावींत आहे, ती एकाएकीं म्हणाली, “आजोबा, गळ्यांतली पोत काचेची, हातांतला चुडा काचेचा, एवढा मोठा मंडपसुद्धां काचेचा. मग अक्काआजीचा हात तेवढा रिकामा कां?” घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. अक्काच म्हणाली, “अगं, सवय मोडली. आतां टोचतील.” सौभाग्यवतींनीं वाद घातला नाहीं. चैत्रांतल्या हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशीं त्या कासाराकडून मोतिया रंगाच्या चार बांगड्या घेऊन आल्या आणि नणंदेपुढें ठेवून एवढेंच म्हणाल्या, “वन्सं, टोचल्या तर काढून ठेवा.” अक्कानें दोन घातल्या. दोन परत केल्या. कां, तें आम्ही विचारलें नाहीं.

कोणी म्हणेल, मास्तर आतां काचेवरून धर्मशास्त्रावर घसरले. मी शास्त्राचा वाद मांडीत नाहीं. तो माझ्याहून थोर माणसांनीं शंभर वर्षांपूर्वींच मांडला आहे. मी फक्त एवढेंच दाखवितों, कीं हा प्रश्न पुस्तकांतून आतां ग्रामसभेंत येऊन पोंचला आहे. ज्या कोल्हापूर जिल्ह्याच्या मातींतून त्या जुन्या बांगड्या निघाल्या, त्याच जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचें गांव आहे. ४ मे २०२२ रोजीं तेथील ग्रामसभेनें ठराव केला, कीं पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र आणि जोडवीं काढणें, या प्रथा आमच्या गांवांत बंद. त्याच महिन्यांत महाराष्ट्र शासनानें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीं हा कित्ता गिरवावा असें कळविलें. शिकलेल्या म्हणविणाऱ्या घरांनीं खेड्याच्या मागें राहावें, हें आपल्याला शोभेल काय?

काचेच्या या कथेंत आणखी एक गांव यावयास हवें. तें म्हणजे फिरोजाबाद. आपल्या घरांतल्या बहुतेक बांगड्या जेथें जन्म घेतात, तें हें आग्र्याजवळचें शहर. ओथोनिएल तेथवर पोंचले आहेत. रस्त्याच्या कडेला लोकांनीं रचून ठेवलेले विटांचे ढीग त्यांनीं पाहिले. आज चार, उद्यां चार अशा जमवून केव्हां तरी घर बांधूं, या आशेचे ते ढीग. त्यावरून त्यांना काचेची वीट सुचली आणि तेथल्याच कारागिरांकडून त्यांनीं ती करवून घेतली. २०१७ सालीं फ्रान्समधील सेत या बंदराच्या गांवीं त्यांनीं अशा सुमारें १०,००० विटांची एक प्रचंड काळी लाट उभी केली. पुढल्या वर्षीं ती त्यांच्या जन्मगांवीं दाखविली गेली. फिरोजाबादच्या भट्टींतून निघालेली काच समुद्रापार लाट होऊन गेली, ही गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांनीं फारशी सांगितली नाहीं.

त्या भट्टीचें जिणें मात्र कठीण आहे. वितळलेल्या काचेची तार फिरत्या दांड्यावर गुंडाळून तिचें मोठें वेटोळें करतात. तें कापलें कीं तोंडें उघडीं असलेलीं कडीं सुटीं होतात. तीं सरळ करून दिव्याच्या ज्योतीवर टोकें जोडण्याचें काम घरोघरीं चालतें, आणि तें बहुतकरून बायका करतात. डोळे ज्योतीवर, बोटें काचेवर, आणि मजुरी अगदीं बेताची. ताजमहालाच्या रक्षणासाठीं सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिलेल्या निर्णयानंतर तेथील भट्ट्या दगडी कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर आल्या. संगमरवराचा श्वास मोकळा झाला तें चांगलेंच झालें. ज्योतीवर वांकलेल्या बाईच्या श्वासाची काळजी अजून तितकी कोणी वाहिलेली नाहीं. हिरवा चुडा भरतांना आपण देवाचें नांव घेतों. त्याबरोबर त्या अनोळखी हाताचेंही स्मरण करण्यास हरकत नसावी, आणि कासाराशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करण्यापूर्वीं तर नक्कीच.

राहतां राहिला व्यवहारी वाचकांचा आक्षेप. एवढा पैसा काचेंत घालून काय मिळालें, असें ते विचारतील. सोनें विकतां तरी येतें! आक्षेप खरा आहे. काच विकली जात नाहीं, गहाण पडत नाहीं, वांटणींत तिच्यावरून भावाभावांत भांडण होत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हा शेवटचा गुण किती मोठा आहे, हें सांगावयास नको. तिजोरींतलें लेणें घराची पत राखतें, तें हवेंच. परंतु रोजच्या उजेडांत वापरलें जाणारें, फुटलें तर पुन्हां भरतां येणारें, आणि म्हणूनच कोणालाही देतां येणारें लेणें हें काचेचेंच. पॅरिसच्या त्या मंडपाखालून जाणाऱ्याला द्वारपाल विचारीत नाहीं, कीं तूं कोण, तुझें सौभाग्य शाबूत आहे कीं नाहीं.

आमच्या वाचक-भगिनींनीं येत्या सणावाराला आपल्या घरीं कासार बोलाविला, तर घरांत जितक्या बायका असतील तितक्यांना त्याच्यापुढें बसण्याचें आमंत्रण करावें. आग्रह करूं नये. ज्यांना नको असेल त्यांनीं ‘नको’ म्हणावें, आणि रंग ज्याचा त्यानें निवडावा. परंतु विचारल्यावांचून कोणाचा हात वगळूं नये. पुरुषांनीं या कामीं करण्यासारखें एवढेंच, कीं त्या वेळीं मध्यें बोलूं नये. सध्यां इतकें झालें तरी पुष्कळ झालें.